रझांची मुंबईतील जलरंगचित्रे

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी १९४३ ते १९५० या काळात मुंबईत कागदावर केलेली शहर- व निसर्गचित्रे. पुढे ‘बिंदू’ या वर्तुळाकार प्रतिमेच्या चित्रांमुळे रझा जगभर पोचले, ही सुरुवातीची चित्रे त्यामागे झाकली गेली. महाराष्ट्रात जलरंगाला अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावनेला महत्त्व देणारे, वळण कसे लागले, हे पाहायचे तर मात्र इथेच यावे लागते.

आपल्याकडे जलरंग शिकवला जातो तो शिस्तीचा. फिक्याकडून गडदाकडे जायचे, रंगाचा एक पातळ थर (वॉश) वाळल्यावर दुसरा द्यायचा, पांढऱ्यासाठी कागद कोरा राखायचा. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी ही नितळ रीत फार उंचीवर नेली. आष्ट्याच्या शाळेतून इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणारे पोरही हेच ऐकते : वाळल्याशिवाय हात लावू नकोस, रंग मळेल. ओल्या वॉशमध्ये जास्त पाण्याचा ब्रश टेकला, की रंग कडेला ढकलला जातो आणि मध्ये दातेरी काठाचा फिका डाग उमटतो. परीक्षेत ती चूक. अभिव्यक्तिवादी चित्रकार तो डाग तसाच ठेवतो.

नागपूरच्या चित्रशाळेतून आलेले रझा मुंबईत छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करीत आणि उरल्या वेळात शहर रंगवीत. जे. जे. कलाशाळेतही ते शिकले. ‘फ्लोरा फाउंटन इन मॉन्सून’ (१९४५) हे त्यांचे चित्र याच दिवसांतले. या काळात त्यांचा ब्रश भरधाव चालतो. इमारतीचा नेमका आकार टिपण्यापेक्षा ओली हवा आणि रंगाची धग त्यांना महत्त्वाची वाटते. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये मुंबईत आलेले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक असलेले वॉल्टर लँगहॅमर यांचे प्रोत्साहन त्यामागे होते. मध्य युरोपातला अभिव्यक्तिवाद मुंबईच्या तरुणांपर्यंत पोचला तो बराचसा त्यांच्या घरच्या बैठकींतून.

जर्मनीत एमिल नोल्डे (१८६७–१९५६) याने समुद्रचित्रांत हीच मोकळीक टोकाला नेली. शोषून घेणारा जपानी कागद तो आधी भिजवी. रंग तंतूंत मुरून आपोआप पसरे, आणि लाट व आभाळ यांमधली रेघ कुठे पुसायची हे निम्मे पाणीच ठरवी. १९०८ च्या हिवाळ्यात त्याने उघड्यावर बसून चित्रे केली, तेव्हा रंग कागदावरच गोठून त्यांत स्फटिकांची नक्षी उमटली. ती त्याने राहू दिली.

रझांची ही मोकळी रीत मात्र फार दिवस टिकली नाही. १९४८ मध्ये काश्मीरात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि बांधणी कच्ची असल्याचे सांगून फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करायला सुचवले. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. तिथल्या पहिल्या वर्षांत त्यांनी अपारदर्शक गॉश हाती घेतला. रंगांच्या काठांना धार आली आणि घरे घट्ट चौकोनांत बसू लागली.