गवताची चाकरी

पावसाळा सरला की कोकणात घरोघर अंगणाचे काम निघते. चार महिने माजलेले गवत मुळासकट काढायचे, माती खणून सारखी करायची, पाणी शिंपून चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाने सारवायचे. दिवाळीची पहिली पणती लागते ती अशा लखलखीत अंगणात. दारात गवत दिसले की त्या घरात कोणी राहत नसावे, असे आपण खुशाल समजतो. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत मात्र दारापुढे गवत हवेच. आणि तेही हजामत केल्यासारखे एका उंचीचे! माणसाने गवताला एवढे मानाचे पान कधीपासून दिले, हा विचार मनात आला आणि मी त्या इतिहासाच्या मागे लागलो.

हिरवळीचे माहेर इंग्लंड-फ्रान्सच्या ओल्या, सौम्य हवेत. ‘लॉन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, रानातल्या मोकळ्या जागेचा वाचक. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या बागेत तीनशे मीटरांहून लांब असा हिरवा गालिचाच पसरला. पुढे इंग्लंडात लॅन्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३) ह्या उद्यानकाराने उमरावांच्या वाड्यांपुढचे वाफे नि भिंती हटवून गवत थेट पायरीशी आणले. लांबवर चरणाऱ्या मेंढ्या दिसाव्यात, पण दारात येऊ नयेत, म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणत. त्या चराचे नाव मोठे मजेचे: ‘हाहा’!

ह्या हिरवळीचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांस न सांगता कळे. जिथे गहू पिकला असता तिथे काहीच न पिकवणे ज्याला परवडते, तो खरा धनवान. परंतु त्या ऐटीमागे राबणारे हात निराळेच होते. दवाने भिजलेले गवत चांगले कापले जाते, म्हणून गडी भल्या पहाटे लांब दांड्याचे विळे घेऊन रांगेने निघत. मागून बायका कापलेले गवत गोळा करीत. धनी उठून खिडकीशी येई तो सारे आवरलेले असे.

हे चित्र पालटले एका कारागिराने. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड गावाच्या परिसरात लोकरीच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी छाटणारे फिरत्या पात्यांचे यंत्र एडविन बडिंगने तिथे पाहिले. कापडावरची लव कापता येते, तर जमिनीवरची का नाही? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. खेड्यावरच्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि व्यायाम दोन्ही लाभतील, असेही त्याने त्यात नमूद केले. मला तर सारा इतिहास ह्या एका वाक्यात दडलेला दिसतो. आजवर धनी पाहत होता आणि गडी कापत होता. आता धनीच गडी व्हायचा होता, आणि तेही हौसेने.

ती हौस पुरी झाली अमेरिकेत. फ्रँक स्कॉट नावाच्या लेखकाने १८७० साली उपनगरांतल्या घरमालकांना उपदेश केला की, कुंपणे घालू नका, सर्वांची हिरवळ सर्वांना दिसू द्या. विचार उदार होता. पण सर्वांना दिसते त्यावर सर्वांचा डोळाही राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, न्यूयॉर्कजवळच्या बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाऊन उभे राहू लागले. थोड्याच वर्षांत सतरा हजारांवर घरे झाली. कुंपण घालायचे नाही आणि हंगामात दर आठवड्याला गवत कापायचे, असा तिथला दंडक. करारात आणखी एक कलम होते: गोऱ्यांवाचून इतरांनी ह्या घरांत राहावयाचे नाही. कुंपण नव्हते खरे. पण कागदावरचा तो ‘हाहा’ वाड्यापुढच्या चरापेक्षा खोल होता.

त्याच सुमारास तण मारणारे ‘२,४-डी’ हे औषध बाजारात आले. तोवर गवताच्या बियांत क्लोव्हर नावाची तिपानी वनस्पती मुद्दाम मिसळीत. ती हवेतला नत्र जमिनीत आणून गवताला फुकट खत पुरवी. नव्या औषधाने रुंद पानाच्या तणांबरोबर ती बिचारीही मरू लागली. मग ते खत विकत आणणे आले!

माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडून मी गवताचे पंचांग समजावून घेतले. वसंतात दाताळ्याने मेलेले गवत ओढायचे. मेपासून नेमाने कापणी. पण एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापायचे नाही. उन्हाळ्यात गवत जरा उंच ठेवायचे, म्हणजे त्याच्याच सावलीत मुळे थंड राहतात. सप्टेंबरात जमिनीला भोके पाडून नवे बी आणि खत. आणि आपण इकडे आकाशकंदील टांगतो तेव्हा तिकडे मेपलची पाने गोळा करायची, नाहीतर ओल्या थराखाली गवत गुदमरते. वडिलांच्या दिवसकार्यासाठी तो एका जूनमध्ये इकडे आला होता. परतून पाहतो तो दाराला स्थानिक कचेरीची नोटीस: गवत ठरल्याहून उंच वाढले आहे, ताबडतोब कापावे. घरात सुतक आहे हे त्या नोटिशीला कोठून कळावे? सामानाची पेटी तशीच ठेवून त्याने यंत्र बाहेर काढले.

अमेरिकेच्या उष्ण दक्षिणेत ज्या गवताची हिरवळ करतात, त्याला तिकडे बर्म्युडा ग्रास म्हणतात. ते दुसरे तिसरे कोणी नसून आपली हरळी, गणपतीची दूर्वा! आपला शेतकरी तिची मुळी खणता खणता थकतो. जॉर्जियातल्या टिफ्टन येथे मात्र तिच्या आणि आफ्रिकेतल्या भावकीच्या संकरातून १९६० साली ‘टिफवे’ ही हिरवळीची खास जात काढली.

उपग्रहांच्या आधारे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे अमेरिकेत सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर हिरवळ आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. पाण्याच्या टंचाईपायी नेव्हाडा राज्याने २०२१ साली लास व्हेगास भागातल्या रस्त्याकडेच्या आणि कचेऱ्यांपुढच्या निव्वळ शोभेच्या गवताविरुद्ध कायदा केला. स्वतंत्र घरांची हिरवळ तेवढी वगळली. आता आपल्या शहरांतही नव्या इमारतींपुढे हिरवळ अंथरतात आणि भर मे महिन्यात तिच्यावर फवारे उडतात. एकवीस दूर्वांत जो संतुष्ट होतो तो आपला देव किती अल्पसंतोषी, हे तेव्हा जाणवते. माझ्या त्या विद्यार्थ्याने मागल्या वर्षी मागच्या अंगणात क्लोव्हर पेरला आहे. तो फार उंच होत नाही, म्हणून नोटीस येत नाही, आणि मधमाश्या मात्र येतात.