बेगमची सराई आणि नवापूरची मजल

मराठीत आपण 'मजल दरमजल' करत पोचतो आणि पत्त्यावर 'मु. पो.' लिहितो. मजल म्हणजे अरबीतली मंजिल, उतरण्याची जागा. मु. म्हणजे मुक्काम. एका दिवसात माणूस आणि जनावर जेवढं चालेल ती मजल, आणि रात्र सुखरूप काढता येईल तिथे मुक्काम. लांबच्या प्रवासाचं नियोजन मुळात तीन प्रश्नांचं असतं: पुढचा मुक्काम किती लांब, तिथे पाणी आणि भाकरी मिळेल का, आणि अंधार पडायच्या आत आपण पोचू का?

या प्रश्नांचा इतिहास वाचायचा तर नंदुरबार जिल्ह्यातून जाणारी जुनी वाट धरावी. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जाणारा मोगल काळातला हमरस्ता नवापूर, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असा जायचा. सुरत हे हज यात्रेचंही बंदर होतं. त्यामुळे या वाटेवर कापड, नीळ आणि धान्याच्या गोण्यांबरोबर इहरामची गाठोडीही जात.

वाट मोगलांहून जुनी आहे. १३४२ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता दौलताबादहून नंदुरबारला आला. इथल्या मराठ्यांचं वर्णन त्याने कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी असं केलं आहे. पुढे खंबायतच्या वाटेवर तो सागर नावाच्या नदीकाठच्या गावी थांबला. अनेक अभ्यासक ते सोनगड असावं असं मानतात. तिथल्या बागा खानकाहांना वक्फ होत्या आणि त्या उत्पन्नावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय होत असे. म्हणजे मुक्कामाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तेव्हाच सोडवलेला होता.

१६१० मध्ये याच रस्त्याने गेलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच टप्प्याटप्प्याची नोंद ठेवतो: हे गाव घाण, ते चोरांचं, इथे मोहाची दारू, नंदुरबारला किल्ला आणि चांगलं तळं. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज राजाचा वकील सर थॉमस रो इथून गेला. सुरत सोडल्यावर आपल्या सवयीचा पाव त्याला पहिल्यांदा मिळाला तो नंदुरबारला. सुरत ते बुऱ्हाणपूर अंतर कापायला त्याला साधारण दोन आठवडे लागले, आणि शेवटी बुऱ्हाणपूरच्या सराईत मिळालेल्या खोल्या भट्टीएवढ्या निघाल्या म्हणून तो चिडला. सराईबद्दलची तक्रारही सराईएवढीच जुनी आहे!

या सगळ्या नोंदींत मला सर्वात मोलाची वाटते ती फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएची. त्याचा प्रवासवृत्तांत १६७६ मध्ये छापला गेला. त्यात तो कोसांचा हिशेब देतो: सुरत ते बारडोली १४, तिथून बालोर १०, बालोर ते करका ५, करका ते नवापूर १५, नवापूर ते नंदुरबार ९. मधल्या करक्याला, तो सांगतो, आता 'बेगमची सराई' म्हणतात. शाहजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिने ती धर्मादाय म्हणून बांधली. कारण पूर्वी बालोर ते नवापूर हा टप्पा फार लांब पडायचा. वाट रानातली, शेजारी बादशहाला न जुमानणाऱ्या राजांची हद्द, आणि तिथे काफिला लुटला गेला नाही असं क्वचितच घडे.

हिशेब करून पाहा. बालोर ते नवापूर २० कोस. कोस ३ किलोमीटरचा धरला तरी ६० किलोमीटर. लादलेल्या बैलांना ते एका दिवसात झेपणार नाही, म्हणजे रात्र रानातच. पाच कोसांवर एक पक्की सराई उभी राहिली आणि उरलेली मजल १५ कोसांवर आली. हे अंतरही मोठंच आहे, पण पहाटे निघालं तर पल्ल्यातलं. नकाशावर एका ठिपक्याची भर पडली आणि रस्ता बदलला.

यात नुसतं पुण्यच होतं असं मी म्हणणार नाही. सुरत बंदराचं उत्पन्न शाहजहानने जहाँआराला दिलं होतं. काफिले सुखरूप पोचले तर तिच्या खजिन्यातही भर पडणार होती. सवाब आणि हिशेब एकाच भिंतीत चिणले गेले तरी ती भिंत मुसाफिराच्या पाठीला आधार देतेच. आणि ज्यांना हे प्रवासी 'चोर' म्हणतात, त्यांच्याच रानातून हा रस्ता काढलेला होता, हेही विसरू नये. त्यांची बाजू लिहायला कुणी ताव्हेर्निए आला नाही.

मुक्काम मोडला की काय होतं, तेही याच वाटेने पाहिलं. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी सुरतेहून आग्र्याला निघाला. रस्त्याकडेला प्रेतं पडली होती. नंदुरबारला छोटा तंबू ठोकायलाही जागा मिळेना. त्याच वेळी बुऱ्हाणपुरातल्या शाही छावणीसाठी बंजाऱ्यांचे धान्याने लादलेले तांडे जात होते. रस्ता तोच होता, बैलही चालत होते. मधल्या माणसासाठी मात्र काही उरलं नव्हतं.

आपल्या फिक्हने मुसाफिराचा विचार बारकाईने केला आहे. हनफी मतात सफर ठरते ती तीन दिवसांच्या मजलेवर. त्यापुढे नमाजात कसर, रोज्यात सवलत. जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरूही आहे, घरी तो श्रीमंत असला तरी. वाटेवरचा माणूस थकतो, हे धर्माने गृहीत धरलं आहे. आपण मात्र ते धरत नाही.

आज सुरत-धुळे महामार्गावर फोन सांगतो 'इतके तास' आणि थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं आपण समजतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नवापूर तालुक्यातल्या कोंडाईबारी घाटात रात्रीच्या अंधारात खासगी बस पुलावरून कोसळली आणि पाच जणांचा जीव गेला. रात्रीचा घाट आजही घाटच आहे.

म्हणून सुरतेहून बुऱ्हाणपूरला घरच्यांसोबत जायचं असलं की मी दोन दिवस धरतो. फजरनंतर निघायचं, नवापूरला नाश्ता, महामार्ग सोडून नंदुरबारला उजेडी पोचायचं आणि तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. अर्ध्या दिवसाचं जे 'नुकसान' होतं, त्यात आई-वडिलांचे गुडघे आणि चालवणाऱ्याचे डोळे वाचतात.

पण ही चैन माझ्यासारख्याची. ट्रकवाल्याला, रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरला मुक्काम निवडता येत नाही. त्यांची मजल दुसराच कुणीतरी ठरवतो. गावोगावच्या मशिदींवर मिनार चढवायला आपण वर्गणी काढतो. महामार्गालगतच्या एखाद्या जमातीने त्याऐवजी दहा खाटा, स्वच्छ संडास, गार पाणी आणि ट्रक लावायला जागा केली, आणि नाव-धर्म न विचारता कुणालाही चार तास झोपू दिलं, तर जहाँआराचं काम पुढे गेलं असं म्हणता येईल. सुरुवात करायला नवापूरची जुनी मजल वाईट नाही.