काजळीची शाई

आजोबांचा एकुलता एक फोटो. काळा-पांढरा, कडा कुरतडलेला. तो स्कॅन करून मी घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला. रात्री दिव्याखाली झकास दिसला. सकाळी ओसरीवर नेला, तर आजोबांच्या चेहऱ्यावर हिरवट झाक!

मंडळी, घरचा रंगीत प्रिंटर करडा रंग बहुधा आकाशी, किरमिजी आणि पिवळ्या थेंबांच्या मिश्रणातून जमवतो. उजेड बदलला की ते गणित फिसकटते.

अमेरिकेत व्हरमाँटमधले मुद्रक जॉन कोन यांनी २००० च्या सुमारास 'पिझोग्राफी' आणली. प्रिंटर एप्सनचाच, त्यातली रंगीत शाई काढायची आणि काळ्याच्याच फिक्या-गडद छटा भरायच्या. फिकट जागी गडद शाईचे विरळ ठिपके पडले तर चित्र रवाळ दिसते. तिथे फिकी शाई दाट पडली की गाल गालासारखे दिसतात. पुढे २००५ मध्ये एप्सननेही काळ्याच्या तीन छटा एकत्र वापरणारे प्रिंटर काढले.

कोन यांची शाई कार्बनच्या कणांची. कार्बन उन्हाने विटत नाही. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना हे ठाऊकच होते म्हणा! दिव्याची काजळी नि डिंक खलून केलेली त्यांची अक्षरे अजून काळीभोर आहेत.

मीही मग जुन्या प्रिंटरमध्ये तसल्या काळ्या छटा भरल्या. हिरवट झाक गेली. पण हे कण तळाशी बसतात, नोझल तुंबते. आजोबांच्या कपाळावर आडवी पांढरी रेघ उमटली. पुन्हा छापायला निघालो, तर आई म्हणाली, "राहू दे रे, भस्माचा पट्टा वाटतोय."