उन्हाने भाजते ते कशाने?

'उन्हाने कातडी भाजली' असे आपण सहज म्हणतो. भाजणे म्हटले की चूल, तवा, निखारा डोळ्यांपुढे येतो आणि उन्हातली उष्णताच त्वचेला इजा करते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासणारा एक सुरेख प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी झाला.

सर एव्हरर्ड होम हे लंडनचे शल्यविशारद. १८२० साली त्यांनी आपले दोन्ही हात भर दुपारी उन्हात धरले. एक उघडा, दुसरा काळ्या कापडाने झाकलेला. काळे कापड उष्णता शोषते, त्यामुळे झाकलेला हात अधिक तापला. पण होरपळला तो उघडा हात! इजेचे कारण नुसती उष्णता नव्हती.

मग काय होते? उत्तराचा अर्धा भाग तेव्हा उपलब्ध होता. जर्मनीत योहान रिटर यांनी १८०१ मध्ये वर्णपटात सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिले होते. जांभळ्या रंगापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ते सर्वांत लवकर काळे पडले. हेच अतिनील किरण. या दोन निरीक्षणांची सांगड बसायला मात्र १८८९ साल उजाडले. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश वापरून दाखवले, की त्यातली उष्णता गाळली तरी त्वचा लाल होते. अतिनील किरण गाळले तर होत नाही.

कारण कळल्यावर हे किरण अडवणारी मलमे आली. त्यांची तुलना कशी करायची? जर्मनीचे रुडोल्फ शुल्झे (१९५६) आणि ऑस्ट्रियाचे फ्रान्झ ग्रायटर (१९७४) यांच्या कामातून आजचा 'एसपीएफ' हा आकडा रूढ झाला. एसपीएफ ३० याचा अर्थ, मलम लावल्यावर त्वचा लाल व्हायला किरणांची तीसपट मात्रा लागते. पण ही चाचणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावून करतात. वर्गात हिशेब करून पाहावा. प्रौढाची त्वचा १.७ चौरस मीटर धरली, तर सर्वांगाला ३४ ग्रॅम मलम लागेल! बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. मग डबीवरच्या आकड्याइतके संरक्षण कुठून मिळणार? शिवाय हा आकडा मुख्यतः अतिनील 'बी' किरणांविषयी बोलतो. 'ए' किरणांसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' ही अक्षरे पाहावीत. घामाने मलम निघून जाते, म्हणून उन्हात असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. टोपी आणि पूर्ण बाह्या आहेतच.

थंड हवेच्या डोंगरावर सहल गेली, की ऊन तापत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेल्या इजेतून त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो.

होम यांचा प्रयोग हात न भाजता करता येतो. वर्तमानपत्राचा कागद काळ्या कापडाने अर्धा झाकून काही दिवस उन्हात ठेवावा. कापडाखालचा भाग अधिक तापेल, पण पिवळा पडेल तो उघडा भाग. का, ते मुलांनाच सांगू द्यावे.