जपानी पर्यटक परदेशात कुठे जातात? आणि त्यातून सोलापूरने काय शिकावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणलेले टेरी टॉवेल परदेशात जातात. सोलापुरी चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला आहे. जपानमध्येही असंच एक टॉवेलचं शहर आहे, इमाबारी. तिथे टॉवेलचं संग्रहालय आहे आणि लोक ते बघायला मुद्दाम जातात. मग जपानी माणूस महाराष्ट्रात टॉवेल सोडा, अजिंठा बघायला तरी किती येतो? याचं उत्तर समजून घ्यायचं तर जपानी लोक सुट्टी कशी घेतात, इथून सुरुवात करावी लागते.

परदेशवारीला बंदी होती?

हो. दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी जपानने नागरिकांना निव्वळ फिरण्यासाठी परदेशात जायला परवानगी दिली नव्हती. 1 एप्रिल 1964 रोजी ही बंदी उठली. तेव्हाही वर्षातून एकच सहल आणि सोबत 500 डॉलर अशी मर्यादा होती.

1985 च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला. डॉलरसाठी सुमारे 240 येन मोजावे लागत, ते दोन-अडीच वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. परदेश एकदम स्वस्त झाला. 1987 मध्ये जपान सरकारनेच लोकांना बाहेर पाठवण्याची मोहीम काढली. पाच वर्षांत प्रवाशांची संख्या दुप्पट करून 1 कोटींवर न्यायची, असं उद्दिष्ट होतं. ते 1990 मध्येच पूर्ण झालं. 2019 मध्ये हा आकडा 2 कोटींवर गेला, तो आजवरचा उच्चांक.

आता कुठे जातात?

कोरोनानंतर गणित उलटं झालं. येन घसरला आणि जुलै 2024 मध्ये एका डॉलरला 160 हून जास्त येन मोजावे लागले. 2024 मध्ये सुमारे 1 कोटी 30 लाख जपानी परदेशात गेले, पण त्याच वर्षी जपानमध्ये आलेले परदेशी पाहुणे होते 3 कोटी 68 लाख. आज साधारण सहा जपानी नागरिकांमागे एकाकडेच पासपोर्ट आहे.

जे जातात, ते जवळ जातात. 2024 मध्ये 32 लाखांहून अधिक जपानी दक्षिण कोरियात गेले, तर तैवानमध्ये 13 लाख. टोकियोहून सोल अडीच तासांवर आहे आणि तैपेई सुमारे चार तासांवर. दोन्हीकडे व्हिसा लागत नाही, खाणं ओळखीचं आहे, शनिवार-रविवारला एक दिवस जोडला तरी सहल होते. एकेकाळी मधुचंद्राचं हक्काचं ठिकाण असलेल्या हवाईत 2019 मध्ये 15 लाखांवर जपानी गेले होते. 2024 मध्ये ते त्याच्या निम्म्याहूनही कमी झाले, कारण डॉलरमधलं हॉटेल आणि जेवण परवडेना.

सुट्टीचं वेळापत्रक काय सांगतं?

जपानमध्ये सलग मोठी रजा घेण्याची पद्धत कमी आहे. मोठ्या सुट्ट्या तीनच: एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा म्हणजे ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यावर पितरांच्या स्मरणाचा ‘ओबोन’, आणि नववर्ष. यातली प्रत्येक सुट्टी साधारण आठवडाभराची.

आता हे कॅलेंडर महाराष्ट्राशेजारी ठेवून बघा. गोल्डन वीकमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. ओबोनच्या वेळी ऐन पावसाळा. उरतं फक्त नववर्ष. टोकियोहून मुंबईला थेट विमान असलं तरी नऊ-दहा तास, तिथून छत्रपती संभाजीनगर, मग रस्त्याने आणखी शंभर किलोमीटर. त्यात अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. पाच दिवसांच्या सहलीत एवढा हिशोब बसवणं सोपं नाही.

पण अजिंठ्याचं जपानशी नातं जुनं आहे ना?

खूप जुनं. नारा इथल्या होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रं आणि अजिंठ्याचा पद्मपाणी यांच्यातलं साम्य अभ्यासक शंभर वर्षं सांगत आले आहेत. चित्रकार आराई कानपो रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून 1916 मध्ये भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्या टोकियोत होत्या आणि 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. पुढे होर्युजीची मूळ चित्रंही 1949 च्या आगीत करपली.

या नात्यावर पैसाही लागला. अजिंठा-वेरूळच्या संवर्धन आणि पर्यटन विकासासाठी जपानने 1992 मध्ये सुमारे 374 कोटी येन आणि 2003 मध्ये सुमारे 733 कोटी येन कर्ज दिलं. त्यातून रस्ते, पाणी, विमानतळाची कामं आणि लेण्यांच्या प्रतिकृती असलेली अभ्यागत केंद्रं उभी राहिली. पाणी-विजेची बिलं थकल्याने ही केंद्रं काही वर्षांतच बंद पडली. बिल थकलं, तरी कर्ज मात्र फेडावंच लागतं.

2019 मध्ये भारतात आलेले सगळे जपानी मिळून सुमारे 2 लाख 40 हजार होते, म्हणजे त्या वर्षी परदेशात गेलेल्या दर शंभर जपान्यांमागे एखादाच. व्हिसाची अडचणही नव्हती, कारण जपानी नागरिकांना मुंबईसह काही विमानतळांवर उतरल्यावर व्हिसा मिळतो. अडचण आहे ती दिवसांची आणि पैशांची. म्हणूनच जे येतात, त्यातल्या अनेकांना श्रद्धा ओढून आणते. बोधगया, सारनाथ ही त्यांची ठिकाणं. महाराष्ट्रात कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर 1999 मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने उभं राहिलं.

मग सोलापूरने काय करावं?

जपानी पर्यटकांची वाट बघण्यात अर्थ नाही. इमाबारीकडून मात्र शिकता येईल. स्वस्त आयात मालाने त्या शहराचा टॉवेलधंदा खिळखिळा केला होता. 2006 पासून तिथल्या कारखानदारांनी एक सामाईक ब्रँड आणला. टॉवेलचा तुकडा पाण्यावर टाकल्यावर पाच सेकंदांत बुडायला हवा, ही त्याची अट. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पटेल अशी ही कसोटी होती. संग्रहालय होतंच, शिवाय समुद्रावरच्या पुलांवरून जाणारा सत्तरेक किलोमीटरचा शिमानामी काईदो सायकलमार्ग इमाबारीतूनच जातो. त्यासाठी येणारे लोक शहरातही थांबतात.

सोलापूरलाही असा रस्ता आहे, आणि तो एमआयडीसीच्या नावातच आहे. चाळीसेक किलोमीटरवरच्या अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांची रीघ असते. तुळजापूर आणि पंढरपूरही जवळच. यातले बहुतेक जण सोलापूर ओलांडून पुढे जातात, टॉवेल कसा विणला जातो ते न बघताच. माग चालताना दाखवणारी एखादी जागा, शेजारी रास्त दराचं दुकान आणि स्वच्छतागृह एवढ्यानेही त्यांची गाडी तासभर थांबू शकते. जपानी माणूस अडीच तासांवरचा सोल निवडतो, तसा सोलापूरचा पहिला पर्यटकही जवळचाच असणार आहे.