सर्कशीचा वाघ आणि दरवेशाचे अस्वल



आपल्या देशातील पहिली सर्कस एका मराठी माणसाने काढली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. हे विष्णुपंत ग्वाल्हेरला उस्ताद हद्दूखाँसाहेबांकडे गाणे शिकलेले. पुढे उस्तादांचे पुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत असता त्यांना विष्णुपंतांनी आश्रय दिला व आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेले. घोडे, वाघ आणि ख्यालगायकी एकाच तांड्यात!

पण त्या वाघाचे काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्यातील २२ व्या कलमाने, कोणत्या प्राण्यांचे खेळ करू नयेत हे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. सरकारने तो वापरला १९९१ मध्ये. सर्कसमालक कोर्टात गेले. १९९८ मध्ये नवी अधिसूचना निघाली : वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ती उचलून धरली.

हे योग्यच झाले. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. मग अस्वलाच्या नाकातील वेसण आपल्याला कशी मान्य व्हावी?

मात्र यादीतील अस्वल व माकड तंबूबाहेरचेही होते. सर्कसमालकांना वकील मिळाले. रस्त्यावरच्या दरवेशाला कोण मिळणार? उत्तरेत काही संस्थांनी कलंदरांची मुले शाळेत घातली, एवढे खरे. आपल्या महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) च्या यादीत दरवेशी आहेत, आणि त्यांत ‘वाघवाले-शाह (मुस्लिम)’ व ‘अस्वलवाले’ अशी स्पष्ट नावे आहेत. एका कायद्याने जो धंदा बंद केला, त्याच धंद्याचे नाव दुसरीकडे सवलतीचा आधार आहे! या प्रवर्गाला २.५ टक्के आरक्षण आहे. पुष्कळ पालकांना हे माहीतच नसते. दाखल्यावर नुसते ‘मुस्लिम’ लिहिले जाते आणि मुलाची संधी तेथेच जाते.

शिवाय जात प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला त्यास चालतो. पण अस्वल घेऊन अंबड-परतूरच्या बाजारांतून फिरणारा आजोबा कोणत्या शाळेत गेला होता?