आजीची वज्री

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ढाल-तलवारी नाचू लागतात. सातवाहन राजे मोठे पराक्रमी, हे मीही शाळेत घोकलं होतं. पण त्यांची प्रजा अंघोळीला बसल्यावर टाचा कशानं घासायची, हे कुठल्या मास्तरांनी सांगितलं नाही. उत्तर मातीत पडलं होतं. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळियांच्या मंडळींनी नेवाशाचं टेकाड खणलं, तेव्हा सातवाहनांच्या थरात भाजक्या मातीच्या खरबरीत घासण्या निघाल्या. म्हणजे आमच्या आजीची वज्रीच की! फरक इतकाच, की आजीची पितळी होती आणि ती आमच्या पाठीवरही चालायची.

हडप्प्याला तर एकाच कडीत अडकवलेले चिमटा, टोचणी आणि कानकोरणं सापडलं. चारेक हजार वर्षांनंतर आजीच्या कमरेच्या जुडग्यात, चांदीचं का होईना, तेच कानकोरणं लटकत होतं. साम्राज्यं बुडाली, पण कानातला मळ काही हटला नाही.

न्हावा-शेव्याला गेलं की समोर घारापुरी दिसते. तिच्या किनाऱ्यावर रोमन मद्याच्या रांजणांची खापरं मिळाली आहेत. आणि तिकडे, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पाँपेईत, १९३८ साली आपल्याकडची एक हस्तिदंती बाई सापडली. तिच्या डोक्यात भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी असा एक कयास. काही पंडित तिला मेजाचा पाय म्हणतात. (आमच्या घरात हे मत बिलकुल खपलं नाही.) अशाच बाया तेरला आणि भोकरदनला निघाल्या आहेत. त्यांनी दारू पाठवली, आपण आरसा. प्यायल्यावर तोंड कसं दिसतं ते पाहण्याची सोय!

१९८९ साली इथं नवं बंदर सुरू झालं. आता पेट्यांवर पेट्या जातात. त्यांत फण्या किती आणि दातांचे ब्रश किती, कस्टमवाल्यांना ठाऊक. या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण तालुका पेटला, गोळीबारात पाच जण गेले. त्याची नोंद आहे, स्मारक आहे. पण घर हलवताना माणूस देव नेतो, हंडे-कळशा नेतो. मोरीतला टाचा घासायचा दगड कोण नेतो? तो तिथंच कुठंतरी राहिला असणार. दोन हजार वर्षांनी कुणी खणलाच, तर त्याला काचेच्या कपाटात बसवतील आणि खाली चिठ्ठी लावतील : ‘पूजेची वस्तू’.